तेविसावा अर्थ

“आज सतरावी घावली,” व्यंकट म्हणाला आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं.

“कुठली?”

“लाइनदोरी. गवंडी भित बांधताना दोरी ताणतो का नाही, ती. शेजारी बांधकाम चालू हाय, तितं उभा होतो. इचारलो, हे काय म्हणायचं? तर म्हणला, लाइनदोरी. मी म्हणलो बस्स, आमच्या शिवकांताचं काम झालं.”

“आणि सोळावी?”

“ती काल सांगितलो की साहेब. ‘पोरगं चांगल्या लाइनीला लागलं.’ पाटलाचा धाकटा दारू सोडून औषधाच्या दुकानात बसायलाय, त्याच्यावरून.” तो हसला, खांद्यावरचा पट्टा कमरेला आवळला. “तीन नंबर बंद करा. शाळंमागच्या खांबावरची जंपरची तार जळालीय.”

मी उठून पॅनेलवरचं तीन नंबरचं, म्हणजे गावाच्या लाइनीचं ब्रेकर बंद केलं. तो सायकलवर टांग मारून निघून गेला. तासाभरानं आला, घड्याळ उचलून मनगटावर बांधलं, म्हणाला, “द्या लाइन.” मी दिली.

मी तेव्हा तांदळवाडीच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो. लातूरकडचं गाव. उपकेंद्र म्हणजे गावाबाहेर माळावर एक खोली, खोलीत पॅनेल, टेबल, फोन, आणि मागं जाळीच्या कुंपणात ट्रान्सफॉर्मर. त्या कुंपणातल्या जागेला यार्ड म्हणायचं. व्यंकट घोडके आमचा लाइनमन. माझ्याच वयाचा, पण मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला अरेतुरे करायचो. खुर्चीचा मान, दुसरं काय. काम त्याला माझ्यापेक्षा दसपट येत होतं.

आमच्याकडं विजेला वीज फक्त बिलावर म्हणतात. बोलताना लाइन. लाइन गेली, लाइन आली, लाइन कमी झाली. त्या वर्षी व्यंकटची मुलगी शिवकांता सातवीत होती. शाळेतल्या पांचाळ सरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी प्रत्येक पोराला घरात येऊन राहिलेला एकेक इंग्रजी शब्द नेमून दिला. त्या शब्दाचे आपल्या बोलण्यात जेवढे अर्थ असतील तेवढे गोळा करायचे. वहीत चार रकाने आखायचे. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात वाक्य, आणि चौथ्यात ते कोण म्हणालं त्याचं नाव. कुणाला ‘पास’ मिळाला, कुणाला ‘टाइम’, कुणाला ‘फिट’. लाइनमनच्या पोरीला ‘लाइन’ मिळणारच.

पोरीपेक्षा बापालाच वेड लागलं. गडी महिनाभर जाईल तिथं कान टवकारून असायचा. रेशनची लाइन. पोलीस लाइन. फोनची लाइन लागत नाही. दोन लाइनीची वही. उसाची लाइन. सोयरीक जुळवताना ‘पोरगा कोणत्या लाइनीत हाय?’ रोज सकाळी माझ्यासमोर घड्याळ आणि एक नवी लाइन अशा दोन गोष्टी टेबलावर यायच्या.

घड्याळाचं सांगायला हवं. लाइनमन खांबावर चढण्याआधी लाइन बंद करून घेतो, त्याला आमच्यात लाइन क्लिअर म्हणतात. त्याचं पुस्तक असतं. ऑपरेटरनं त्यात वेळ लिहायची, चिठ्ठी फाडून द्यायची, लाइनमननं परत आल्यावर सही करायची, मगच लाइन चालू करायची. आम्ही ते पुस्तक आठवड्यातून एकदा, सवडीनं, मागच्या तारखा टाकून भरत असू. सगळीकडं तसंच चालायचं. रोजच्या कामाला आमची वेगळी रीत होती. धातूची वस्तू अंगावर घेऊन चढायचं नाही म्हणून व्यंकट घड्याळ काढूनच जायचा. ते तो माझ्या टेबलावर ठेवायचा. घड्याळ टेबलावर म्हणजे माणूस खांबावर. घड्याळ उचललं म्हणजे माणूस खाली. पाच वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. ही खूण आम्हा दोघांतच होती, तिसऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एकदा शिवकांता शाळा सुटल्यावर थेट उपकेंद्रात आली आणि बापासमोर वही उघडून बसली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आवाज खणखणीत. तिनं एकेक वाचायला सुरुवात केली. एकोणीसवर आल्यावर अडखळली.

“वाच की,” व्यंकट म्हणाला.

“एकोणीस. लाइन मारणे.”

व्यंकटनं माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टरात डोकं घातलं.

“हे कोण म्हणलं तुला?”

“सगळा वर्ग म्हणतोय, आण्णा.”

“वाक्य काय लिहिलीस?”

“‘रस्त्यात उभे राहून लाइन मारू नये.’”

व्यंकटनं जरा विचार केला. “मग असू दे. उपदेश हाय.”

मला हसू आवरेना. तीही हसली. मग म्हणाली, “आण्णा, तुमी रोज म्हणताव ते लाइन क्लिअर राहिलंय. ते सांगा ना.”

“ते शेवटी. समद्यात मोटं हाय ते. तुझी स्कॉलरशिपची परीक्षा होऊ दे, मग बसून सांगतो. घाईत सांगायची गोष्ट नव्हं ती.”

ती परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती, तालुक्याच्या गावी. त्याच्या आदल्या दिवशीची, शनिवारची गोष्ट.

सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला, पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर ठिणग्या उडताहेत. व्यंकट नुकताच येऊन बसला होता. उठला, पट्टा घेतला, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“बाविसावी सांगायची राहिली,” तो दारातून म्हणाला. “आल्यावर सांगतो. तीन नंबर बंद करा.”

“जागेवर टाकायची साखळी आली का नवी?”

“कुटली येतीय. दोन महिने झाले मागणी जाऊन.”

खांबाजवळ तारांवर एक साखळी टाकून ती जमिनीला जोडायची असते. चुकून लाइन आलीच तर ती जमिनीत उतरते, माणसात नाही. आमची साखळी तुटली होती. मी तीन नंबर बंद केलं. तो गेला.

अकरा वाजता मी पॅनेलची रीडिंग घेतली. तीन नंबरपुढं आडवी रेघ ओढली, म्हणजे बंद. मग ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान बघायला मागं यार्डात गेलो. तिथं एका जाळीला भोक पडून शेळी आत शिरली होती. ती हुसकावण्यात, भोकाला तार गुंडाळण्यात पाऊण तास गेला. हात धुऊन खोलीत आलो तर फोन वाजत होता. ग्रामपंचायतीतून होता. आज बाजार, गावात पाणी नाही, टाकी भरायची आहे, लाइन कधी देता?

मी टेबलाकडं पाहिलं. घड्याळ नव्हतं.

आलेला दिसतोय, मी मनात म्हणालो. कधी कधी तो घड्याळ उचलून बाभळीखाली बिडी ओढायला जायचा, तिथूनच ओरडायचा, द्या लाइन. मी दाराबाहेर डोकावायला हवं होतं. सायकल आहे का बघायला हवं होतं. एक हाक मारायला काय झालं होतं? फोन कानाला होता, तसाच हात लांब करून मी तीन नंबरचं ब्रेकर लावलं.

ते उडालं.

असं झालं की एकदा परत लावून बघायची पद्धत होती. तारेवर फांदी पडलेली असते, पक्षी असतो, दुसऱ्यांदा धरतं. मी परत लावलं. परत उडालं. पॅनेलवरच्या घड्याळात अकरा पंचेचाळीस झाले होते.

दहा मिनिटांनी टाकीकडून एक माणूस सायकल मारत आला. तो बोलायच्या आधी मी उठून उभा राहिलो होतो.

आम्ही त्याला खाली उतरवलं. त्याबद्दल मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, आताही सांगणार नाही. एवढंच सांगतो की मी त्याचं डावं मनगट बघितलं. तिथं घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण होती. घड्याळ नव्हतं. खिशातही नव्हतं. म्हणजे तो घड्याळ न्यायला आलाच नव्हता. मग टेबलावरचं गेलं कुठं? तक्रारी घेऊन दिवसभर माणसं येत-जात असत, कुणीतरी चोरलं असणार असं मी धरून चाललो. त्या अज्ञात चोराला मी मनात इतक्या शिव्या दिल्या की स्वतःसाठी एकही उरली नाही.

आमचे कनिष्ठ अभियंता बिडवे साहेब दुपारी दोनला जीपनं आले. आल्या आल्या त्यांनी दार लोटून घेतलं. खिडकीत व्यंकटचा डबा फडक्यात बांधलेला तसाच होता. साहेबांची नजर त्यावरून फिरून माझ्यावर आली.

“लाइन क्लिअरचं पुस्तक.”

मी दिलं. शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची होती.

“त्यानं मागितली होती?”

“तोंडी, साहेब.”

“जोगदंड, तोंडी लाइन क्लिअर नावाची गोष्ट कायद्यात नाही. पुस्तकात नाही म्हणजे दिली नाही. दिली नाही म्हणजे तो न विचारता चढला.” ते वाईट माणूस नव्हते. कपाळावरचा घाम पुसत होते. “तो काही परत येत नाही. तुम्हाला दोन लेकरं आहेत. मलाही आहेत. साखळीच्या मागणीचा कागद माझ्या टेबलावर पडून आहे. अकराचं रीडिंग भरा.”

मी तीन नंबरपुढच्या आडव्या रेघेवर बेचाळीस लिहिलं. बेचाळीस अँपिअर. म्हणजे अकराला लाइन चालू होती. गावात लाइन कधी जाते, कधी येते याची कुणी नोंद ठेवत नसे, त्यामुळं तो आकडा खोटा म्हणायला कुणी येणार नव्हतं. रेघ बेचाळीसच्या खाली थोडी दिसत राहिली.

चौकशीचे जबाब पुढच्या पंधरवड्यात, एका गुरुवारी व्हायचे होते. तोवर गावात बोललं जाऊ लागलं की घोडके न सांगता चढला. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, “लई शहाणा समजत होता, लाइन बंद न करताच चढला.” सतरा वर्षं ज्यानं तारेला हात लावण्याआधी तीनदा विचारलं, त्याच्याबद्दल. मी चहा तसाच ठेवून उठलो.

दहावा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकत राहिली, तव्यावरची भाकरी उलटली.

“सांगून टाका,” ती म्हणाली.

“नोकरी जाईल. तुरुंगसुद्धा होईल.”

“तरी सांगून टाका. तुम्हाला झोप नाही, मला तुमच्याकडं बघवत नाही. आधी त्यांच्या घरी सांगा. मग साहेबाला.”

मी त्याच पावली निघालो. वाटेत वाक्य जुळवत होतो. वहिनी, त्यानं लाइन बंद करून घेतली होती. घड्याळ ठेवून गेला होता. ते टेबलावर दिसलं नाही म्हणून मी लाइन दिली. चूक माझी आहे. चार वाक्यं, त्यात एकही अवघड शब्द नव्हता.

व्यंकटचं घर दोन खोल्यांचं. ओसरीवर त्याचा पट्टा खुंटीला टांगलेला होता. अंजनावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून पदर सावरून उठायला लागल्या.

“बसा, बसा वहिनी.”

“भाऊजी, तुमी आलाव ते बरं केलाव.” त्या बसल्या. मग म्हणाल्या, “ते साहेब येऊन गेले. म्हणले, ह्यांची चूक निघाली तर ह्यांच्या जागी माझ्या नोकरीचं होणार नाही. नोकरीचं जाऊ द्या. मी खुरपायला जाईन. पर लोक म्हणायलेत, बिगर इचारता चढले. घरात बल्ब बदलायचा तरी मला म्हणायचे, बटनाला हात लावू नको, तितंच उभी ऱ्हा. तो माणूस बिगर इचारता चढंल का?”

“नाही,” मी म्हणालो.

“तुमी होताव ना तितं. तुमाला ठावं असंल. तुमी सांगा की समद्यांना.”

“त्यासाठीच आलोय, वहिनी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी अजून विसरलेलो नाही. विश्वास होता. “च्या टाकते,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढ्यात शिवकांता बाहेरून आली. हातात तीच वही. रिबिनी नव्हत्या, केस नुसते मागं बांधलेले. माझ्यासमोर मांडी घालून बसली.

“काका, सोमवारी वही द्यायची हाय. सर म्हणले, राहू दे, पर मला द्यायची हाय. एकवीस झालेत. बाविसावा आण्णांना घावला होता म्हणं, तुमाला सांगितले का?”

“नाही गं. आल्यावर सांगतो म्हणाला होता.”

“मग ती जागा मोकळी सोडते.” तिनं बावीस आकडा घातला आणि पुढची ओळ कोरी ठेवली. “तेविसावं लाइन क्लिअर. ते तुमी सांगा.”

ती डाव्या हातानं पान दाबून धरत होती. बाही वर सरकली. मनगटावर घड्याळ होतं. मोठं होत होतं म्हणून पट्ट्याला दाभणानं जादा भोक पाडलेलं.

“हे...” मी म्हणालो. “हे कुठलं?”

“आण्णांचं.”

“तुझ्याकडं कसं आलं?”

“त्या दिवशी डबा घेऊन आले होते ना मी. टेबलावर होतं. तुमी मागं यार्डात शेळी हाकत होताव. आण्णा सकाळीच म्हणले होते, परीक्षेला माझं घड्याळ घालून जा, डबा द्यायला आलीस की घेऊन जा. म्हणून घेतले.” ती घड्याळावरून बोट फिरवत होती. “डबा खिडकीत ठेवले. परीक्षा तर झाली नाही. पर काढू वाटंना.”

“किती वाजले होते?”

“साडेअकराला पाच कमी. घालून पयलं तेच बघितले.”

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. मी त्या पोरीकडं बघत बसलो. सकाळी घरून निघताना व्यंकटला, डब्याच्या वेळी आपण खांबावर असू हे ठाऊक नव्हतं. घड्याळ घेऊन जा म्हणाला आणि विसरला. दहा वाजता फोन आला, तेव्हा सवयीनं तेच घड्याळ टेबलावर ठेवून गेला. ते उचलायचा हक्क तिला बापानंच दिला होता. चोर वगैरे कुणी नव्हता.

“सांगा ना काका,” ती म्हणाली. पेन्सिल तयार होती.

मी सांगितलं. पुस्तकात जसं आहे तसं सांगितलं. लाइनमन चढायच्या आधी ऑपरेटरकडून लाइन बंद करून घेतो. ऑपरेटर लिहून देतो. लाइनमन खाली येऊन सांगेपर्यंत ऑपरेटरनं लाइन द्यायची नाही, कुणीही मागू दे. ती एकेक शब्द गिरवून लिहीत होती. दुसरा रकाना भरला. मग पेन्सिल दातात धरून थांबली.

“ऑपरेटरला कसं कळतं, माणूस अजून वर हाय म्हणून? काय खूण ऱ्हाती का?”

मी तिच्या मनगटाकडं न बघता खुंटीवरच्या पट्ट्याकडं बघितलं.

“पुस्तकात लिहिलेलं असतं.”

“आन लिहिलेलं नसलं तर?”

“तर मग घेतली नाही असं समजायचं.”

ती वहीकडं बघत राहिली. आत स्टोव्हचा आवाज बंद झाला होता. वहिनी दाराच्या आड उभ्या असणार, बांगड्यांचा आवाज थांबला होता.

“मग आण्णांनी घेतली नव्हती?” शिवकांतानं विचारलं.

मी ज्यासाठी आलो होतो ते वाक्य तोंडाशी होतं. घेतली होती म्हटलं की ती विचारणार, मग तुम्हाला का कळलं नाही? आणि मग घड्याळ. ती पोरगी हुशार होती, तिला उलगडायला पळभरही वेळ लागला नसता. साडेअकराला पाच कमी. बारा वर्षांची होती.

“नाही,” मी म्हणालो.

दाराआड पुन्हा बांगड्या वाजल्या. वहिनी चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढं ठेवला, माझ्याकडं पाहिलं नाही. परत आत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. शिवकांता तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहीत होती. मी चहा न पिताच उठलो.

घरी आलो तेव्हा बायको दारात होती. “सांगितलंत?”

“पोरगी होती तिथं,” मी म्हणालो.

गुरुवारी जबाब झाला. मला विचारलं, मयतानं लाइन क्लिअर मागितली होती काय? मी म्हणालो, नाही. सही केली. वहिनींना नोकरी मिळाली नाही. त्या लेकीला घेऊन माहेरी, निलंग्याच्या बाजूला निघून गेल्या. मी पुढं बावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. बायकोला घड्याळाचं सांगितलं ते फार वर्षांनी. ती म्हणाली, पोरीला वाचवलंत म्हणायचं. मीही स्वतःला तेच सांगत आलो होतो. बारा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर बापाचं मरण कसं ठेवायचं? जगाला विचारा, कुणीही म्हणेल बरोबर केलंस.

पण घड्याळाचं नाव न काढताही मला खरं सांगता आलं असतं. व्यंकटनं लाइन बंद करून घेतली होती आणि मी विसरून लाइन दिली. एवढंच. पोरगी वाचली असती, व्यंकटचं नाव राहिलं असतं, वहिनींना नोकरी मिळाली असती, गेलो असतो तो मी एकटा. हे मला त्या ओसरीवर सुचलंच नाही असं मी पुष्कळ वर्षं मानत होतो. ते खरं नाही. सुचलं होतं. चहाच्या कपाकडं बघत असताना सुचलं होतं, आणि मी उठलो.

गेल्या वर्षी शिवकांता माझा पत्ता शोधत घरी आली. लातूरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. चष्मा लागलाय, बोलणं शहरातलं झालंय, मनगटावर साधं बायकी घड्याळ होतं. आण्णांचं बंद पडलंय, पण कपाटात आहे, म्हणाली. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या.

“काका, मी माझ्या वर्गाला तोच उपक्रम देते,” ती म्हणाली. “प्रत्येकाला एक शब्द. मुलांना दाखवायला ही वही सांभाळून ठेवलीय. म्हटलं तुम्हालाही दाखवावी. यातला शेवटचा तुमचा आहे ना.”

तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. कागद पिवळा पडला होता. लाइनदोरीच्या पुढं, चौथ्या रकान्यात ‘आण्णा’ लिहिलं होतं. उसाच्या लाइनीपुढं ‘आण्णा’. रेशनपुढं ‘आई’. लाइन मारण्यापुढं ‘सगळा वर्ग’. बावीसची ओळ कोरी होती.

“बाविसावा कोणता असेल, मी अजून विचार करते,” ती म्हणाली. “कुणी बोलताना लाइन म्हणालं की वाटतं, हाच असेल.”

आत बायकोनं चहा ठेवला होता. शिवकांता कप आणायला तिच्या मदतीला उठून गेली. मी शेवटच्या ओळीवर आलो. गिरवलेलं, गोल, बारा वर्षांच्या पोरीचं अक्षर. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, ‘माझे आण्णा लाइन क्लिअर न घेता खांबावर चढले.’ चौथ्यात, कोण म्हणाले, त्याच्याखाली ‘जोगदंड काका’. आणि त्यापुढं पांचाळ सरांनी लाल शाईनं बरोबरची खूण केली होती.